उलट्या आट्यांचा बोल्ट

माझं शिक्षण चौथीपर्यंत. इंजिनातलं जे थोडंफार मला कळायचं, ते सासऱ्यांमुळे.

मेहकरपासून बैलगाडीनं दोन तासांवर आमचा मळा. घरही मळ्यातच होतं. विहिरीवर मोट चालायची. महाराष्ट्र झाल्यावर दोन-तीन वर्षांनी सासऱ्यांनी अमडापूरकडच्या एका बागायतदाराचं जुनं डिझेल इंजिन आणि पंप आणला. आमच्या शिवारातलं ते पहिलं इंजिन. माझा नवरा त्याच्याजवळ जायचा नाही, आवाजानं त्याचं डोकं उठायचं. धाकटा दीर तेव्हा मेहकरला शिकत होता. म्हणून सासऱ्यांना पाने काढून द्यायला आणि पट्टा घसरू नये म्हणून त्यावर राळ टाकायला मीच असायची. ते मला बाई म्हणायचे आणि गड्याला शिकवावं तसं शिकवायचे.

एकदा पंपात चिंधी अडकली. पंप उघडला की आत पाणी ओढणारा पंखा दिसतो. तो एका बोल्टानं दांड्याला धरलेला असतो. सासऱ्यांनी पाना माझ्या हातात दिला. मी डावीकडे जोर लावला. हलेना.

"अवं, आवळून राह्यली तू त्याले," ते म्हणाले. "याचे आटे उलटे हायेत. बाकीचे डावीकडं सुटतेत, हा उजवीकडं. साधा असता तर पंख्यासंग फिरू फिरू ढिला झाला असता. ध्यानात ठेव. मी नसलो तर या दोघायले तूच सांगशीन."

मी उजवीकडे ओढला. सुटला.

पुढच्या पावसाळ्यात सासऱ्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समज मात्र पुरी शाबूत होती. कूस बदलायची असली की ते डावा हात पालथा-उताणा करायचे. तहान लागली की बोट ओठाला लावायचे. बाकी सगळं डोळ्यांनी.

इंजिन चार महिने बंद पडून राहिलं. पंपावर पोतं झाकायचं आणि बोल्टांना तेल द्यायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. म्हाताऱ्याच्या सेवेत वेळ मिळत नाही असं मी सांगायची. ते अर्धंच खरं होतं. कंटाळा हे उरलेलं अर्धं.

गहू पोटरीत आला, ओंब्या निघायच्या बेतात होत्या, तेव्हा इंजिन सुरू केलं. इंजिन चालायचं, पण पंप पाणी ओढेना. विहिरीत पाणी भरपूर होतं आणि गव्हाला आठ दिवसांच्या आत पाणी मिळायला हवं होतं. दीर मॅट्रिक होऊन नुकताच घरी आला होता. मेहकरच्या एका गॅरेजात महिनाभर बसला होता, तेवढ्यावर तो म्हणाला, मी खोलतो.

सकाळी मी पान्यांचा डबा घेऊन विहिरीवर गेले. तिथं नवरा, दोन गडी आणि सासूबाई होत्या. दीर म्हणाला, "वयनी, ठेवा तो डबा. चौथी शिकून इंजिन खोलता येत नाई. तुमी चहा ठेवा."

गडी हसले. त्याचं मला काही वाटलं नाही. पण नवराही हसला. दोन वर्षं सासऱ्यांच्या हाताखाली त्या इंजिनावर कोण राबत होतं हे त्याला माहीत होतं.

मी चहा ठेवला.

दिरानं वरचं झाकण नीट उतरवलं, तिथवर त्याचं चुकलं नाही. मग पाना मधल्या बोल्टावर बसवला आणि डावीकडे ओढायला लागला. मी चहाचे कप घेऊन उभी होते. मी मनात म्हटलं, तासभर घाम गाळू दे, मग सांगू. सगळ्यांसमोर सांगू. हे मी ठरवून केलं. पुढं अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्या काळी बाईनं पुरुषांच्या कामात बोलायची रीत नव्हती. पण मला बोलायचं असलं की मी बोलायचीच, सासऱ्यांसमोरसुद्धा.

तासाभरानं दिरानं घासलेट मागितलं. मी बाटली आणून दिली. मग म्हणाला, "वयनी, विस्तव आणा, तापवून पाहतो." मी चुलीतले निखारे घमेल्यात घालून नेले. त्याच्या तळहाताला फोड आले होते. आता सांगितलं तर सगळे विचारणार, इतका वेळ काऊन गप होती? म्हणून आणखी गप्प बसले. जितका वेळ गेला तितकं तोंड उघडणं अवघड झालं.

सासऱ्यांची बाज आम्ही रोज सकाळी उन्हात काढायचो. त्या दिवशी ती विहिरीपासून पंधरा पावलांवर होती. त्यांना सगळं दिसत होतं. त्यांनी डावा हात उचलला, हवेत उजवीकडे वळवला. पुन्हा उजवीकडेच वळवला. तोंडातून घरघर काढली.

सासूबाई म्हणाल्या, "कूस बदलाची म्हणून राह्यले. बदल वं त्यायची कूस."

मी जवळ गेले. हात पालथा-उताणा होत नव्हता. मूठ बांधलेली होती, पाना धरल्यासारखी. ते बायकोकडे बघत नव्हते, लेकांकडेही नाही. माझ्याकडे बघत होते. मला पूर्ण समजलं.

मी त्यांचा खांदा आणि कंबर धरली आणि त्यांना वळवायला लागले. त्यांनी चांगला पाय बाजेच्या गाताला, कडेच्या लाकडाला, रोवला.

"लई जड लागून राह्यले," मी सासूबाईंना म्हणाले. "धरा जरा."

दोघींनी मिळून त्यांची कूस बदलली. पाठ विहिरीकडे झाली, तोंड तुरीच्या शेताकडे.

मागं दिरानं पान्याला लांब पाइप लावला होता. नवरा मदतीला गेला. "लाव बे जोर," तो म्हणाला. "इतक्या वर्साची फी भरली, एक बोल्ट नाई निघत तुह्यानं?"

"दादा, तू नुसता धर. बोलू नोको."

दोघांनी अंग टाकलं. कडाक आवाज झाला आणि दोघं चिखलात उताणे पडले. बोल्टाचं डोकं पान्यात आलं होतं, बाकीचा दांड्यातच राहिला. एक गडी हसला आणि दिराचं तोंड पाहून थांबला. मग दिरानं छन्नी-हातोडा घेतला. पंखा बिडाचा, ठिसूळ. चौथ्या घावाला त्याचे दोन तुकडे झाले.

सासऱ्यांना ते दिसलं नाही, ऐकू आलं. त्यांचं तोंड माझ्यासमोर होतं. त्यांनी डोळे मिटले नाहीत. तुरीकडे बघत राहिले.

नवऱ्यानं मेहकर पालथं घातलं, खामगावला गेला. त्या जुन्या पंपाचा पंखा कुठंच मिळाला नाही. माळ्यावरची मोट काढली, चामडं शिवून घेतलं, तोवर अर्धा गहू वाळला होता. नवरा दिराला ऊठसूट मॅट्रिकवाले म्हणायला लागला. शेवटी चैत्रात दीर घर सोडून कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला लागला. जाताना बापाच्या पायावर डोकं ठेवून रडला. मी तिथंच उभी होते.

त्या दिवसानंतर सासऱ्यांनी कूस बदलायला कधी हात हलवला नाही. जसं ठेवावं तसे पडून राहायचे. तहान लागली की बोट ओठाला लावायचे, पण सासूबाई समोर असल्या तरच. होळीपर्यंत कमरेला जखमा झाल्या. मग मी स्वतःच्या मनानं दर दोन तासांनी त्यांना वळवायची, जखमा धुवायची, ओल टिपायला राख भरलेली गादी बदलायची. शेजारच्या मळ्यातल्या बायका म्हणायच्या, "सून पाहा, लेकीच्या वर करते." मी ते ऐकून घ्यायची. सासऱ्यांनाही ते ऐकू जायचं. मृगाच्या आधी ते गेले.

पुढं पुष्कळ वर्षांनी दीर दिवाळीला आला. तोवर तो चांगला फिटर झाला होता. ओट्यावर बसून म्हणाला, "वयनी, आपल्या पंपाचा तो बोल्ट उलट्या आट्याचा होता. आमच्याकडं तसाच एक पंप आला तवा समजलं. आमी दिवसभर त्याले आवळत होतो."

मी तांदूळ निवडत होते. निवडत राहिले.

"बाबाले माहीत असन," तो म्हणाला. "पण सांगतीन कसे? वाचाच नव्हती. त्या दिवशी तुमी त्यायच्यापाशी होत्या ना? काई खुणावलं का त्यायनं?"

"कूस बदलाची म्हणत होते," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. मी उठले आणि चहा ठेवला.

दीर मागच्या पोळ्याला गेला. तो असता तर मी हे लिहिलं नसतं.