चेहरा जुळत नाही

आमच्या रावेतच्या पार्सल-हबवर सकाळी पडलेला ढीग संध्याकाळपर्यंत हलतो तरी. किस्स्यांचा ढीग मात्र वाढतच जातो. त्यातले निम्मे ज्ञानोबाचे. हा परभणीकडचा, आकुर्डीत एका खोलीत बायको सुनीता आणि लेकीबरोबर राहतो.

* * *

लेक तापाने फणफणली म्हणून ज्ञानोबाने सुट्टी मागितली. सुपरवायझर म्हणाला, "अरे, तू नोकर थोडाच आहेस? तू पार्टनर! पार्टनरला सुट्टी कसली?"

"मंग साहेब, आज गाडी तुमी न्या. मी बसतो तुमच्या एसीत. पार्टनरच हाव की आपुन!"

सुट्टी मिळाली नाही ती नाहीच.

* * *

एका सोसायटीत आम्हा पार्सलवाल्यांना फक्त सर्व्हिस लिफ्ट, आणि ती बंद! ज्ञानोबा जड खोकं खांद्यावर घेऊन अकरा मजले चढला. बाईंनी दार उघडलं. "शी! बॉक्सला घाम लागलाय!" लगेच तक्रार टाकली.

खोक्यात काय होतं? घरी व्यायाम करायची वजनं! माझं तर डोकंच फिरलं.

* * *

दुपारच्या फेरीची पार्सलं सुनीता खोलीत इमारतीप्रमाणे लावून देते. कंपनीच्या कागदावर तिचं नाव कुठेच नाही. कुणीतरी चुगली केली. सुपरवायझरचा फोन आला, "घरच्यांनी पार्सलला हात लावायचा नाही!"

सुनीतानेच फोन घेतला. "बरं साहेब. आजपासून न्हाई लावत. मंग टायमात एक बी पार्सल पोचलं तर मला सांगा!"

पुन्हा म्हणून त्याचा फोन आला नाही.

* * *

मग ज्ञानोबाचे वडील गेले. गावी तेरावं उरकून तो परतला, डोक्याचा गोटा, मिशीही काढलेली. काम सुरू करताना ॲपला रोज सेल्फी लागतो. ॲप म्हणे, 'चेहरा जुळत नाही'. आयडी बंद! आयडी बंद म्हणजे घरची चूल बंद.

सुपरवायझर म्हणाला, "केस वाढू दे, मग बघू." संताप नाही येणार तर काय! बापासाठी केस दिले, हा गुन्हा झाला?

हेल्पलाइन लावली, फोन स्पीकरवर. सगळे भोवती गोळा झालो. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, जवळची व्यक्ती म्हणून तुम्ही वडिलांचं नाव दिलंय. त्यांनी ओळख पटवली की आयडी लगेच चालू. देता का त्यांना फोन?"

"तेच वारलेत, ताई. त्यांच्यासाठीच केस काढलेत."

तिने पलीकडे काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली, "सॉरी सर. त्यांच्या जागी दुसरं नाव टाकता येईल. फक्त त्याला आधी वडिलांची संमती लागेल."