एक्स-रेमधला तिसरा हात

सांगाडे बघून पोट भरणारा माणूस मी. एक्स-रे टेक्निशियन. सकाळी पेणच्या एका सेंटरला आणि दुपारनंतर रोह्याच्या एका हॉस्पिटलात. मित्रमंडळी हडळीच्या गोष्टी रंगवून सांगायला लागली की मी विचारायचो, "तिचा एक्स-रे आहे का कोणाकडे? असेल तर दाखवा, रिपोर्ट देतो." त्यामुळे इथे लिहिताना जरा लाजच वाटतेय. पण गेले कित्येक महिने हे डोक्यातून जातच नाही... जेवताना, गाडी चालवताना, मध्येच आठवतं आणि मग जागेवर बसवत नाही.

त्या दिवशी सकाळी पेणच्या सेंटरला खाडीकडच्या गावातले एक आजोबा आले. मिठागरात राबून हात फुटलेले, कडेवर तीनेक वर्षांचा नातू. पोराने काहीतरी गिळलं होतं. लाळ गाळत होता, रडता रडता घसा धरत होता.

"रुपया गिळलाय, दुसरा काय नाय," आजोबा म्हणाले. "देवापुढं नारळाजवळ ठेवलेला. केळं चारलंय दोन वेळा. पडंल बाहेर."

आमच्याकडे हे केळं प्रकरण घरोघरी आहे. मुलाने नाणं गिळलं की चारा केळं आणि बघा वाट. आमच्या डॉक्टर मॅडमनी मात्र विचारलं, "घरात सेलवालं खेळणं आहे का?" आजोबांनी नातवाला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाले, "गाडी हाय एक. लाइट लागतो तिचा."

इथे सगळं अडलं होतं. नाणं असेल तर थोडी वाट बघता येते. बटणासारखा चपटा सेल असेल तर तो अन्ननलिका आतून जाळायला लागतो, एकेक तास महाग पडतो. फोटोत दोन्ही गोलच दिसतात. फरक फक्त कडेला असतो. सेलची कड दुहेरी दिसते, पण फोटो स्वच्छ आला तर. पोर हललं की कड पुसट होते आणि नुसता पांढरा ठिपका उरतो.

आणि हे पोर हलत होतं. तान्ह्यांच्या, लहान मुलांच्या फोटोला घरातलंच कोणीतरी धरायला लागतं. आजोबांना किरणं अडवणारा लेडचा, म्हणजे शिशाचा जाड अ‍ॅप्रन घातला, पोराचे दोन्ही हात वर धरायला लावले. पहिला फोटो हलला. दुसराही हलला. पोर मान इकडून तिकडे आपटत होतं.

"याची आई कुठे आहे?" मी जरा चिडूनच विचारलं.

"धाटावला कंपनीत. फस शिफ्टला. फोन केलाय, निघाली हाय ती."

धाटावहून पेणला यायचं म्हणजे रोहा, नागोठणे, वडखळ, सगळा रस्ता. तिची वाट बघण्यात अर्थ नव्हता. मी काचेमागे गेलो, तिसऱ्यांदा बटणावर बोट ठेवलं... आणि पोर गप्प झालं. एकदम. मान सरळ, हनुवटी थोडी वर, डोळे समोर. कोणीतरी ओळखीचं दिसल्यावर मुलं होतात ना, तसं. मी बटण दाबलं.

स्क्रीनवर फोटो आला, स्वच्छ. घशाखाली गोल, कड दुहेरी. सेल. मॅडमनी लगेच मुंबईच्या हॉस्पिटलला फोन लावला, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, मीच पोराला उचलून आत ठेवलं. हे सगळं होईपर्यंत मी बाकीचा फोटो नीट पाहिलाच नव्हता.

परत येऊन पाहिला. वरच्या बाजूला पोराचे दंड, त्यांना धरलेली आजोबांची जाड बोटं, डावी-उजवी. आणि हनुवटीखाली आणखी एक हात. बारीक हाडांचा, बाईचा असावा. मनगटाशी बांगड्यांच्या पुसट रेघा. तळहाताच्या एका हाडात, जुना मोड जोडायला घालतात तशी तार घातलेली, टोकाला आकड्यासारखी वाकलेली. आणि करंगळीत ताजा मोड.

मी घाबरलो वगैरे नाही. स्वतःवरच वैतागलो. आमच्याकडे अजून प्लेटवालं मशीन आहे. प्लेट पुसायची राहिली तर आधीच्या पेशंटचा फोटो नव्यावर भुतासारखा उमटतो. म्हटलं, तेच झालंय. पण त्या सकाळी एकाही बाईच्या हाताचा फोटो काढलेला नव्हता. आदल्या दिवशीचे सगळे फोटो बघितले, तारवाला हात कुठेच नाही. आणि त्याच प्लेटवर तर आधीचे दोन हललेले फोटो काढले होते... त्यांत तो नव्हता. मॅडम म्हणाल्या, "अरे, प्लेटच असणार. सेल दिसला ना? झालं तर मग." मी हो म्हटलं आणि रोह्याला निघालो. वाटेत नागोठण्याला चहा घेतला, तोही अर्धा टाकला.

रोह्याला पोचलो तर स्ट्रेचरवर एक बाई. स्कूटीवर मागे बसून येताना पडली होती. सिस्टर म्हणाल्या, सकाळी आणली तेव्हा शुद्ध नव्हती, मघाशीच डोळे उघडलेत. बाई एकसारखी उठायला बघत होती. "मला जाऊ द्या... मला पेणला जायचंय."

डोक्याचं स्कॅन झालं होतं. माझ्याकडे फक्त हात होता, सुजलेला. तो प्लेटवर ठेवला, फोटो काढला.

तार. टोकाला आकडा. करंगळीत मोड. तोच मोड, तिरका, त्याच जागी.

तार जुनी असेल, प्लेटवर हिचाच जुना फोटो राहिला असेल, सगळं मान्य. पण करंगळी त्या सकाळी मोडली होती. मी विचारलं, "ताई, पेणला कोण आहे तुमचं?"

"पोरगा हाय. कायतरी गिळलंय त्यानी. पडले आनि मंग हितंच डोळे उघडले. मला कोण काय सांगत नाय ओ."

मी सांगितलं. सेल होता, वेळेत दिसला, पोराला मुंबईला नेलंय. ती रडायला लागली. मग डोळे पुसत म्हणाली, "गप ऱ्हायला का तो? हनुवटी धरल्याबिगर गप ऱ्हात नाय. औषध पाजायला पन तसंच."

"राहिला," एवढंच मी म्हटलं. हाताचं काही बोललो नाही.

सेल निघाला. पोर वाचलं. थोडे दिवस नळीने जेवला, आता तोंडाने खातो.

पुढे काही महिन्यांनी घशाचा फोटो काढायला मायलेकरं पेणच्या सेंटरला आली. ती तिथे पहिल्यांदाच येत होती, आल्या आल्या काउंटरवर तिने एक्स-रेची खोली कुठे म्हणून विचारलं, ते मी ऐकलं होतं. पोराला उभं केलं. तिने सवयीने त्याची हनुवटी धरली, तो गप्प झाला. मी भिंतीवरचा लेडचा अ‍ॅप्रन काढून तिच्यापुढे धरला. "हा घाला आधी ताई. मुलाला धरताना घालायलाच लागतो."

ती अ‍ॅप्रनचे पट्टे बांधता बांधता सहज म्हणाली, "मागच्या टायमाला नाय दिलात तो."

आणि मग तिचीच बोटं थांबली. माझ्याकडे बघितलं. आपण असं का बोललो, ते तिलाही कळलं नसावं. मी काचेमागे गेलो, बटण दाबलं. फोटो चांगला आला.

इथे कोणी जाणकार असतील तर सांगा, मी खरंच ऐकेन. मला अजून उत्तर मिळालेलं नाही. लहान मुलाचा फोटो असला की बटण दाबायच्या आधी मी आता काचेतून हात मोजतो.