चिखलातली सही

"नाव कुठे येणार, हे रंगाची ट्यूब उघडायच्या आधी विचारून घ्या," असं फिझा परकार एकदा म्हणाली होती. शनिवारी सकाळी तिच्या शेडमध्ये चार चित्रकार जमतात, त्यांच्यासमोर. तिचे बाकीचे नियम त्यांना पाठ होते. हा नवा होता, आणि तो कुठून आला हे कुणी विचारलं नाही.

शेड शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, टायरच्या एका दुकानामागे. अर्धी तिची, अर्धी सुताराची. त्याचं मशीन चालू असलं की ओल्या रंगावर भुसा बसतो. म्हणून मोठी कामं ती त्याच्या सुट्टीच्या दिवशी करते आणि इतर दिवशी कॅनव्हास ताणते, फोन घेते, लोकांना नाही म्हणते. नाही म्हणणं हाही कामाचाच भाग आहे, असं तिचं मत. नवरा रुवैसला रिफायनरीत असतो, सुट्टीला घरी येतो.

ती मूळची दाभोळची. इथे आल्यावर बरीच वर्षं तिने पाट्या रंगवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये काढली. कॅफेटेरिया, लाँड्री, बॅटरीवाले, सगळ्यांच्या पाट्यांवरची चित्रं तिच्या हातची. त्यातल्या काही अजून उन्हात विटत उभ्या आहेत. गाडीतून जाताना ती बोट दाखवते, "ही माझी." मुलगी अर्श फोनमधून डोकं वर न काढता म्हणते, "मम्मा, इट डझन्ट से सो."

वर्कशॉप सोडून तिने स्वतःची चित्रं सुरू केली ती या एका वाक्यामुळे, असं म्हणणं सोपं होईल. पण ते वाक्य तिच्यात रुतून राहिलं हे खरं. चित्रं विकली जाऊ लागली, लोकांच्या हॉलमध्ये, बेडरूममध्ये गेली. दार बंद झालं की ती पुन्हा कुणाला दिसायची नाहीत. रस्त्यावरच्या माणसाला दिसेल अशा जागी तिचं नाव अजून कुठेच नव्हतं.

तिची एक पद्धत होती. चित्र ती सही न करता द्यायची. भिंतीवर टांगून झालं, शेवटचा हप्ता आला, की बारीक ब्रश आणि रंगाची छोटी बाटली घेऊन त्या घरी जायची आणि सगळ्यांसमोर कोपऱ्यात नाव लिहायची. घरातले चहा करायचे, फोटो काढायचे. सही झाली की खलास, कुणाचं कुणाकडे काही राहिलं नाही. सही हीच तिची पावती.

शनिवारच्या मंडळींना ती हेच शिकवायची. ॲडव्हान्सशिवाय स्केच नाही. भाव कमी करू नका, हवं तर सोबत एक छोटं चित्र द्या. चित्र विकलं म्हणजे त्याच्या कॉपी काढायचा हक्क विकला असं नाही, तो वेगळा लिहून घ्या. वसईची क्रिस्टिना हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करते आणि वॉटरकलर करते. तिची चित्रं ओळखीच्या मॅनेजरने न विचारता कॅलेंडरवर छापली, तेव्हा फिझाने तिला सगळ्यांदेखत झापलं होतं. मामा असो की मॅनेजर, कागद घ्यायचा.

मग उल्हास आला. अबुधाबीत इंटिरियरची कामं घेणारा, चिपळूणचा. म्हणजे तिच्याच खाडीच्या वरच्या अंगाचा. अल रीम आयलंडवरच्या एका टॉवरच्या लॉबीसाठी त्याला भिंतभर कांदळवन हवं होतं. पहिल्या भेटीत तो तिला फिझाताई म्हणाला, तिच्या हातची सांदणं खाल्ली, आणि चिपळूणच्या पुराबद्दल इतका वेळ बोलला की कामाचं बोलणं दारात चपला घालताना उरकलं. ॲडव्हान्स दुसऱ्याच दिवशी जमा झाला.

क्रिस्टिनाने विचारलं, "आपा, कागद?"

"अगं, तो आपल्यातलाच आहे."

"माझा मॅनेजरपण आपल्यातलाच होता. एकाच चर्चमधला."

फिझा हसली आणि तिने विषय बदलला. परक्या मुलखात कुणी आपल्या भाषेत जेवला काय हे विचारलं, की आपण अर्धा करार झाल्यासारखे वागतो. त्याच्यासमोर कागद ठेवायला हात धजत नाही. इंग्रजीत बोलणाऱ्याकडे तिने तो बिनदिक्कत मागितला असता.

पुढचे महिने तिने फक्त तेच चित्र केलं. झाडं अबुधाबीची होती, चिखल मात्र दाभोळचा निघाला. ओहोटीनंतर मुळांमध्ये चमकत राहतो तसा, काळा आणि थोडा निळा. इतर कामं तिने परत पाठवली. शेडचं पुढचं भाडं याच चित्राच्या शेवटच्या हप्त्यातून जायचं होतं.

चित्र टांगून झालं त्या सकाळी, शेवटचा हप्ता तिथेच देतो या उल्हासच्या शब्दावर, ती ब्रश आणि बाटली घेऊन लॉबीत गेली. उल्हास कागदी कपात कॉफी घेऊन उभाच होता. बराच वेळ तो चित्र बघत राहिला. हे पाणी आपल्या खाडीचं आहे, मी ओळखलं, असं म्हणाला, आणि ते तो मनापासून म्हणाला. मग त्याने कप तिच्या हातात दिला.

"ताई, एक आहे. क्लायंटला सही नकोय."

तो बोलत राहिला. त्यांच्या अजून काही टॉवरना हेच डिझाइन जाणार होतं. कॉपी करायला माणसं ठरली होती, तिने हवं तर देखरेख करावी, त्याचे वेगळे पैसे मिळतील.

"त्यांच्यावर नाव कुणाचं?"

"कुणाचंच नाही. ही लॉबी आहे ताई, गॅलरी नाही. पैसे तर पूर्ण मिळतायत. आत्ता ट्रान्सफर करतो, हे बघा." त्याने फोन पुढे धरला. "फक्त सही झाली तर मला ते सोडता येणार नाहीत. तसं सांगितलंय त्यांनी. मी मधला माणूस."

एक बाई ट्रॉलीतून किराणा घेऊन लिफ्टकडे गेली. जाताना तिने चित्राकडे पाहिलं, थोडं थांबून.

फिझाने कॉफी खाली ठेवली आणि बाटलीचं झाकण उघडलं. नेहमीच्या कोपऱ्याकडे ती गेलीच नाही. कोपऱ्यावर पट्टी मारून नाव झाकता येतं. ती भिंतीच्या मधोमध आली, गुडघ्यावर बसली, आणि मुळांच्या खालच्या चिखलात, चिखलाच्याच रंगाहून जरा उजळ रंगात, सावकाश लिहू लागली. उल्हासने पैसे न पाठवताच फोन खिशात टाकला.

"पुसून टाकतील हो ताई," तो हळू म्हणाला. त्यात धमकी नव्हती, वाईट वाटल्यासारखंच होतं.

हे नाव पुसायचं तर सगळा चिखल पुन्हा रंगवावा लागणार होता, आणि दाभोळचा तो चिखल त्या दोघांशिवाय तिथल्या कुणी प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. तिने शेवटचं अक्षर पुरं केलं. रंग सुकेपर्यंत तशीच बसून राहिली. मग उठली, ब्रश त्याच्या कॉफीच्या कपात खळबळून धुतला, ओढणीच्या टोकाला पुसला, बाटली पर्समध्ये टाकली, आणि काचेचं दार ढकलून उन्हात निघून गेली.