तांदळाच्या डब्यातले तीन कॅमेरे

आधी मावशींचं सांगतो, मग कॅमेऱ्यांचं. उलट क्रमानं सांगितलं तर त्या ओरडतील, आणि त्या इथं कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत ओरडल्या की पुढच्या दोन गल्ल्यांतली कुत्रीसुद्धा उठून बसतात.

मावशी म्हणजे माझ्या घरमालकीण. रक्ताचं नातं काही नाही. मी गोंदियाकडचा. नववीत असताना शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. पण कोल्हापुरातल्या एका फोटो स्टुडिओत, लग्नात लाइट धरायच्या कामाला माणूस हवा होता आणि मला उंच हात करून उभं राहायला शिक्षण लागत नव्हतं. आलो. खोली मिळाली मावशींच्या माडीवर.

पहिल्या संध्याकाळी बॅग घेऊन दारात उभा होतो. त्यांनी विचारलं, "जेवलास काय?" मी लाजून हो म्हटलं. "तोंड बघून तर वाटत न्हाय," म्हणाल्या आणि ताट वाढलं. तांबडा रस्सा. आमच्याकडं तिखट नसतं असं नाही, पण ते असं अंगावर येत नाही. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मावशींना वाटलं, पोराला घरची आठवण आली. माया दाटून आली त्यांची. त्यांनी आणखी रस्सा वाढला. मी आणखी रडलो. त्यांनी आणखी वाढला. त्या रात्री आम्ही दोघं एकमेकांच्या फार जवळ आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून एक कॅमेरा काढून माझ्या हातात दिला. त्यांचे मालक, म्हणजे यजमान, वर्षापूर्वी वारले होते, त्यांचा. रोल घालायचा, जुना, चामड्याच्या पेटीतला. "घे. पडूनच हाय. लाइट धरून धरून खांदा निखळंल, कायतरी शीक."

अशी वस्तू मला आयुष्यात कुणी दिली नव्हती. शाळेत शेवटची वस्तू मिळाली होती ती प्रगतिपुस्तक, आणि तीही परत घेतली.

रोल विकत घेणं आणि धुऊन आणणं परवडत नव्हतं, म्हणून मी बिनरोलाचाच शिकलो. सुट्टीच्या दिवशी रंकाळ्यावर जायचं, डोळा लावायचा, फोकस करायचा, खटका दाबायचा, कळ ओढायची. म्हशींचे, भेळवाल्यांचे, पाण्यात पाय सोडून बसलेल्या जोडप्यांचे इतके सुंदर फोटो मी काढलेत की काय सांगू. एकही अस्तित्वात नाही. एकदा एका जोडप्यातला तो उठून आला, "डिलिट कर," म्हणाला. मी म्हटलं, "दादा, यात काहीच नाही." त्यानं मागचं झाकण उघडायला लावलं, आत रिकामं बघितलं आणि माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी विसरलेलो नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढं दोन कॅमेरे आणखी आले. एक जाडजूड डिजिटल, माझ्या कमाईचा पहिला. दुसरा खांद्यावर घ्यायचा टेपवाला व्हिडिओ कॅमेरा. स्टुडिओ बंद पडला तेव्हा स्टुडिओवाल्यांनी शेवटच्या पगारासोबत तो माझ्या खांद्यावर ठेवला. त्याच्या टेपा आता मिळत नाहीत. दिसायला मात्र तो असा की त्याच्यासमोर माणूस आपोआप केस नीट करतो.

आता मी लग्नाच्या ऑर्डरी स्वतःच्या घेतो, आणि काम करतो ते एका लहानशा नव्या कॅमेऱ्यावर. बाकीचे तिघं बसून असतात. पण विकायचे म्हटलं की माझे प्रश्न सुरू होतात. नवा ऐन मंगलाष्टकांत बंद पडला तर? तर जाडजूड आहे. जाडजूडही बंद पडला तर? तर रोलवाला आहे. रोल नसला तर? तर व्हिडिओवाला खांद्यावर घेऊन निदान उभं तरी राहता येईल, लोकांना धीर येईल. असा विचार करत मी झोपतो. झोप लागत नाही हा भाग वेगळा.

कोल्हापूरचा पावसाळा कॅमेऱ्याचा वैरी. भिंतीला ओल, चपलेला बुरशी, आणि भिंगाला आतून पांढरी जाळी. तांदूळ ओल ओढून घेतात असं मी ऐकलं होतं. म्हणून जूनमध्ये मी तिन्ही कॅमेरे मलमलीच्या पिशव्यांत बांधून मावशींच्या तांदळाच्या पिंपाएवढ्या मोठ्या डब्यात पुरून ठेवायचो. त्यांनी दोन पावसाळे सहन केलं. यंदा भात लावायला वाटी घातली, तर आत टणकन वाजलं. नातेवाईक जेवायला बसले होते.

"आरं, डबा तांदळाचा हाय का तुझ्या कॅमेऱ्यांचा? घनसाळाचा तांदूळ, आजऱ्यास्नं आणलेला, आणि वास येतोय कातड्याचा! दसऱ्यापतूर काय त्ये ठरीव. ठेवायचं तर तुझ्या खोलीत ठेव, न्हायतर ईक."

खोलीत जागा नव्हती. तेव्हा विकायचं ठरलं. मी तिघांचे फोटो काढून मोबाइलवरच्या जाहिरातींत टाकले. जाडजूडला कुणी विचारलं नाही. व्हिडिओवाल्याला एकानं विचारलं, तेही "हे काय आहे?" म्हणून. रोलवाल्यासाठी मात्र दुसऱ्याच दिवशी फोन आला. इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले. शेडच्या पुढच्या अंगाला त्यांनी चहा-कॉफीचं नव्या पद्धतीचं दुकान काढलं होतं.

"फक्त त्यो रोलचा पायजे बघा. आतलं समदं काढून टाकतो, बल्ब बसवतो, आणि टेबलावर ठेवतो. लाइट लागली की नाद खुळा!"

आता माझी पंचाईत बघा. विकला जाणारा एकच कॅमेरा, आणि तोच नेमका मावशींच्या मालकांचा. त्यांना विचारावं तर काय विचारावं? "तुमच्या गेलेल्या नवऱ्याच्या पोटात बल्ब बसवू का?" न विचारता विकावा, तर कळल्यावर त्यांना काय वाटेल? या गावात मला ताप आला तर विचारणारं माणूस एकच. आईचा फोन येतो, पण फोनमधून पेज पाजता येत नाही. तेवढं एक माणूस दुखावलं, तर मग मी आणि तीन कॅमेरे. बुरशीसकट.

इचलकरंजीचे पावणे फोनवर म्हणाले, "खंडेनवमीला येतो. त्या दिवशी माग बंद, पूजा असती." मी हो म्हणालो. मनात हिशेब केला, त्या दिवशी सकाळी मावशी अंबाबाईच्या दर्शनाला जातात, रांग मोठी असते. तेवढ्यात देऊन टाकू, मग सावकाश सांगू. कधी सांगू, हे ठरवलं नव्हतं. दिवाळीत. किंवा म्हातारपणी.

खंडेनवमीला माणूस ज्यावर पोट भरतो त्या हत्यारांची पूजा होते, हे मला ठाऊक होतं. पावण्यांच्या मागांची होते तशी माझ्या कॅमेऱ्यांचीही होणार, एवढी साधी गोष्ट मात्र माझ्या डोक्यात आली नाही. म्हणूनच शाळेशी माझं जमलं नसावं.

मावशींनी मला सकाळी दाराच्या तोरणासाठी आणखी झेंडू आणायला पाठवलं. परत आलो तर त्या देवळात गेलेल्या, आणि बाहेरच्या सोप्यात पाट मांडलेला. पाटावर विळी, कात्री, शिलाई मशीनचं डोकं, मालकांचा जुना पाना आणि माझे चारही कॅमेरे. हो, नवासुद्धा. प्रत्येकाच्या गळ्यात पट्ट्याऐवजी हार. आणि हळदकुंकू त्यांनी लावलं होतं ते थेट भिंगावर. बरोबर मधोमध. चांगलं ओलं करून.

मी बधिर होऊन बघत होतो तेवढ्यात पावणे आले. उंबऱ्यातच चपला काढल्या, पूजा बघितली, आणि सरळ हात जोडून डोकं टेकवलं.

"हाच न्हवं का तो?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"हाच. घेऊन जाताय?"

"खुळं हाय काय तुम्ही? मांडलेल्या पूजेतलं हत्यार उचलू? आज माग बंद ठिवून आलोय, उद्या सगळे धागे तुटतील माझे."

"मग उद्या?"

"उद्या दसरा. उद्या घरातलं हत्यार कोण इकतंय व्हय?"

मग आम्ही दोघं पूजेसमोर शेजारी शेजारी बसलो, परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखे. ते म्हणाले कॅमेरा छान आहे. मी म्हटलं हो. ते म्हणाले कुंकू छान लावलंय. मी म्हटलं हो. एवढ्यात मावशी आल्या.

"रांग बघितली आणि लांबनंच पाया पडले. देवीला बी कळतंय की गुडघं." मग पावण्यांकडं बघून, "ह्ये पावणं कोण?"

मी झेंडूची पिशवी पुढं केली. पावण्यांना काही कल्पना नव्हती. ते हसून म्हणाले, "कॅमेरा घ्यायला आलोय मावशी. त्यो रोलचा."

मावशींनी माझ्याकडं बघितलं. "इकालायस व्हय त्यो?"

"नाही... म्हणजे हो... म्हणजे तुम्ही म्हणाल तर नाही... म्हणजे..."

त्या तडक आत गेल्या. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. मी समजलो, माझी बॅग काढताहेत. मनातल्या मनात गोंदियाची गाडी किती वाजता असते ते आठवायला लागलो.

"लई चिडल्या काय?" पावण्यांनी विचारलं.

"तुम्ही बल्बाचं काही बोलू नका," मी म्हटलं.

मावशी बाहेर आल्या त्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. पावण्यांच्या पुढ्यात फोटो ओतले. "बघा. ह्यो कॅमेरा कसा हाय त्ये बघून घ्या आधी."

पहिला फोटो नृसिंहवाडीच्या घाटावरचा. पायऱ्या, नदी, हिरवी साडी, हातात पेढ्यांची पुडी. सगळं स्वच्छ. फक्त मानेच्या वर काही नाही. दुसरा पन्हाळ्याचा. मावशी गळ्यापर्यंत. तिसरा कुणाच्या तरी बारशाचा, पाळणा पूर्ण, बाळ पूर्ण, मावशी गळ्यापर्यंत.

"ह्या फोटोत दिसतंय की तोंड," पावणे आशेनं म्हणाले.

"त्ये माझं न्हवं. मागच्या बाईचं हाय."

पावण्यांनी ओठ दाबून धरले. माझी मात्र हसायची हिंमत होत नव्हती.

"माणूस लई चांगला," मावशी सांगू लागल्या. "पर कॅमेरा डोळ्याला लावला की माझं मुंडकं गेलंच. मी इचारलं, का ओ असं? तर म्हणायचे, पैंजण घेतलंय एवढं, त्ये फोटूत नको व्हय यायला? पैंजण धरलं की वरनं मी जायची. जन्मभर पायच काढले माझे. एक फोटू न्हाय मुंडक्याचा."

आता मात्र पावणे फुटले. मावशीही हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मीही हसलो, पण अजून गाडीची वेळ आठवतच होतो.

"म्हणजे... तुम्हाला राग नाही आला?" मी विचारलं.

"कसला राग? तुला दिला म्हंजे दिला. तुझा हाय त्यो. ठेवायचा तर ठेव, इकायचा तर ईक. मला इचारायचं न्हाय."

झालं. मला वाटलं होतं त्या ओरडतील किंवा रडतील, आणि मग काय करायचं ते मला आपोआप कळेल. त्यांनी तर सगळं माझ्यावरच सोपवलं. चहा घेऊ की दूध, हे ठरवायला ज्याला अर्धा तास लागतो, त्याच्यावर. दोघं माझ्याकडं बघत बसले. मी कॅमेऱ्याकडं बघितलं. तो कुंकवानं माखलेल्या एका डोळ्यानं माझ्याकडं बघत होता.

"नाही विकत," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "यानं मावशींच्या तोंडाच्या एका फोटोचं देणं ठेवलंय. ते फिटल्याशिवाय याच्यात बल्ब बसणार नाही."

"कसला बल्ब?" मावशी म्हणाल्या.

ते एकदा समजावून सांगावं लागलं. ऐकून त्या इतक्या हसल्या की पाटावरची कात्री हलली. मग एकदम व्यवहाराला आल्या. "पावणं लांबनं आल्यात, मोकळ्या हातानं जायाचं न्हाय. आवं, त्यो मोठा घ्या की. त्यात चार बल्ब बसतील."

पावण्यांनी व्हिडिओ कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि नकळत केसांवरून हात फिरवला. तिथंच मला कळलं की तो गेला.

"पर पूजा मांडल्याली..."

"मांडली मी, हलवीन बी मीच. आंबाबाईला सांगते मी, पावणं इचलकरंजीचं हाईत म्हणून." त्यांनी अक्षता टाकल्या, व्हिडिओ कॅमेरा उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला, आणि वर चहा आणि नवरात्रातल्या दोन गोड कडाकण्या खायला दिल्या. मोटरसायकलवर तो कॅमेरा पुढ्यात घेऊन, हार आणि कुंकवासकट, पावणे गल्लीतून गेले तेव्हा कोपऱ्यावरच्या पोरांनी नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी मला साडीच्या दुकानाच्या उद्घाटनाची ऑर्डर होती. नव्या कॅमेऱ्याचं भिंग मी रात्रभर पुसलं होतं, तरी फोटोंना थोडी गुलाबी झाक आलीच. दुकानदार म्हणाले, "लई भारी रंग आलाय, कुठलं सॉफ्टवेअर?" मी म्हटलं, मावशींचं.

जाडजूड आता माझ्या उशाशी असतो. रोलवाला परत मावशींच्या कपाटात गेला, त्यांनीच हात पुढं करून घेतला. मी दोन-तीनदा म्हटलं, रोल मागवतो, तुमचा फोटो काढू. तर एकदा म्हणाल्या, केस रंगवल्याशिवाय न्हाय. एकदा म्हणाल्या, सर्दी झालीय. खरं सांगायचं तर मलाही जरा बरंच वाटलं. बिनरोलाच्या कॅमेऱ्यानं मी कधी चुकलो नाही. रोल घातला आणि मीही त्यांचं डोकं उडवलं तर?

पण मावशी, हे मी इथं लिहून देतो. उपाशी पोराला तुम्ही वाढलंत, लाइट धरणाऱ्याच्या हातात कॅमेरा दिलात. त्याची परतफेड माझ्या ऐपतीत अजून बसत नाही. एक दिवस मात्र त्याच कॅमेऱ्यात रोल घालून, नृसिंहवाडीच्या घाटावर, गरज पडली तर नदीत उतरून लांब उभा राहीन, आणि तुमचा फोटो काढीन. पैंजणासकट. मुंडक्यासकट.