बाटलीच्या तोंडचा शेंदूर

आमच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतले मोठे साहेब म्हणजे विलायत पाहून आलेला ठार अडाणी माणूस. लढाईची वर्षं होती. नगर जिल्ह्यात, प्रवरेच्या कालव्याकाठी कारखाना. लढाई पेटायच्या आधी मालकांनी परदेशातून पोलरोग्राफ नावाचं यंत्र आणवलं होतं. केसाएवढ्या बारीक भोकाच्या काचनळीतून पाऱ्याचे थेंब द्रावणात टपकत राहायचे. विजेचा दाब थोडा थोडा वाढवायचा, दर वेळी प्रवाह वाचायचा आणि आलेखावर टिंब द्यायचं. द्रावणात शिसं असलं की ठरलेल्या दाबाला रेषा पायरीसारखी वर चढायची. त्याआधी तपासायच्या पाण्यात थोडं आम्ल घालायचं आणि हायड्रोजन सोडून त्यातली हवा घालवायची, नाहीतर प्राणवायूच्याच पायऱ्या उमटायच्या. हे सगळं मी करायचो. साहेब नुसते सही ठोकायचे आणि 'माझं यंत्र' म्हणून मिरवायचे.

खंडेनवमीला साहेबांनी यंत्राची पूजा मांडली. हळदीकुंकवावर भागलं असतं, पण नाही! ह्यांना तेलात कालवलेला शेंदूरच हवा. यंत्राला फासला, नळीच्या दांड्याला फासला, शेवटी आम्लाच्या बाटलीलाही अगदी तोंडापर्यंत बोटं ओढली.

"साहेब, बाटली तेवढी राहू द्या," मी म्हणालो.

"तुम्हां किरिस्तावांना काय कळतंय ह्यातलं!"

पुढे आठवड्याभरात आमच्या ख्रिस्ती वस्तीत चारदोन जणांची पोटं बिघडली. साहेबांनी आमच्या विहिरीचं पाणी मागवलं आणि मला बाजूला सारून स्वतः यंत्रावर बसले. शिशाची ही एवढी पायरी! शिसं म्हणजे विष, म्हणून दुपारपर्यंत विहीर बंद करून तिच्यावर बाभळीच्या काट्या पडल्या. गावच्या विहिरीला आम्हाला शिवू कोण देणार? माझी आई गुडघ्यांनी अधू, ती हंडा घेऊन कालव्यावर खुरडत जायला लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी भट्टीवरचं ऊर्ध्वपातित पाणी घेतलं, त्यात त्याच बाटलीतलं आम्ल घालून यंत्र चालवलं. पाणी शुद्ध, तरी तीच पायरी. मग आम्लाची कोरी बाटली फोडून विहिरीचं पाणी तपासलं. शिशाच्या जागी रेषा सपाट. शेंदूर म्हणजे शिशाचंच भस्म. ओतताना आम्ल बाटलीच्या तोंडचा शेंदूर धुऊन नेत होतं. दुसरं काय!

दोन्ही आलेख साहेबांपुढे ठेवले. त्यांचे कान लाल झाले.

"बाहेर बोललास तर नोकरी जाईल. नोकरी हवी की विहीर?"

"विहीर," मी म्हणालो.

इतकं सरळ उत्तर त्यांनी जन्मात ऐकलं नसावं. आलेख मालकांपर्यंत गेले तर फजिती होणार हे त्यांना कळलं, पण चूक कबूल करतील तर ते साहेब कसले! आपण औषध टाकून विहीर शुद्ध केली, अशी त्यांनीच आवई उठवली. गडी माणसांनी काट्या ओढल्या. साहेब नारळ घेऊन वाजतगाजत आमच्या वस्तीत आले, तो फोडला आणि विहिरीच्या काठावर, जिथे हंडे टेकवतात तिथेच, शेंदराची पाची बोटं उठवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अडाणीपणाला तरी काही हद्द?

आईला मी घरी सगळं सांगितलं होतं. गर्दी पांगल्यावर ती राख आणि काथ्या घेऊन आली, दुखऱ्या गुडघ्यांवर बसली आणि तो दगड घासायला लागली.

"आगं, साहेब बघतील," मी म्हणालो.

"बघू दे मेल्याला. पयलं न्हवतं शिसं, आता पडंल की पान्यात," आई म्हणाली. "त्यो हंडा आन हिकडं."