गोळी आणि उजवा हात

वाचनालयाच्या तळघरात तीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवणाऱ्या त्या बाईंना सगळे बाइंडरबाई म्हणत. नवरा जाऊन बराच काळ लोटलेला. घरात त्या आणि धाकटी बहीण. मूत्रपिंडाचा कॅन्सर फुप्फुसात पसरला, तेव्हा डॉक्टरांनी नेमकी गाठींवर काम करणारी रोजची एक गोळी सुरू केली. गोळी लागू पडली. गाठी आकसल्या, बाई कामावर परतल्या.

चौथ्या महिन्यात उजवा हात सुजला. अंगठी रुतली, बाही चढेना, दाभण धरताना बोटं मिटेनात. दुखत काही नव्हतं, पण हात असा जड, की भरलेली बादली खांद्याला टांगल्यासारखं वाटे. दुपारपर्यंत बाई गळून जात आणि पुठ्ठ्यांच्या ढिगाशेजारी स्टुलावर नुसत्या बसून राहत.

एका डॉक्टरने रक्ताची गुठळी आहे का ते तपासलं, ती नव्हती. दुसरा म्हणाला, "तीस वर्षं राबवलात, आता कुरकुरणारच तो." बाईंनी मान डोलावली. इतक्या तपासण्यांनंतर वाद घालायचंही त्राण उरलं नव्हतं.

"ताई, त्या गोळीमुळे तर नसेल?" बहिणीने विचारलं.

"गोळीला नावं ठेवू नकोस. तिच्या जिवावर उभी आहे मी."

पुढे तोंडात फोड आले म्हणून गोळी तीन आठवडे थांबवली. हाताची सूज ओसरू लागली. गोळी पुन्हा सुरू झाली आणि दहा दिवसांत हात टम्म फुगला. या वेळी बहीण गप्प बसली नाही. शिवणाची टेप घेऊन तिने रोज सकाळी मनगट, कोपर, दंड मोजला आणि गोळी कधी थांबली, कधी सुरू झाली त्या तारखांसह तो कागद कॅन्सरच्या डॉक्टरांपुढे ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "शरीरात साठलेलं पाणी परत वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, लसीकावाहिन्या. ही गोळी क्वचित त्यांचं काम बिघडवते. माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं."

"म्हणजे गोळी बंद?" बहिणीने विचारलं.

"बंद केली तर गाठी वाढतील."

"हात हवा की मी हवी, असंच ना?" बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

"डोस कमी करू, हात पट्ट्यांनी बांधू. दोन्ही सांभाळायचा प्रयत्न करू."

गाठी तूर्त जागच्या जागी आहेत. सूज निम्मी उतरली. बाकीची उतरेल असं आता कुणी म्हणत नाही. शिवणकाम बाईंनी सोडलं. त्या डाव्या हाताने खळ लावतात, वाकडी लागली की स्वतःलाच शिव्या घालतात. सकाळी पट्ट्या गुंडाळायला अर्धा तास जातो, आणि "घट्ट झालं", "सैल झालं" म्हणून दोघी बहिणी रोज भांडतात.

"दमले गं," बाई परवा म्हणाल्या.

"मग आज नको जाऊस."

"घरी बसून कुठे थकवा जातोय? बांध लवकर, उशीर होतोय."