इंदूवहिनींच्या गळ्यातली बाई

आधीच सांगून टाकतो — भूत, पिशाच्च, अंगात येणं यावर माझा काडीचाही विश्वास नाही. जळगावात माझं रेडिओदुरुस्तीचं दुकान आहे. खरखर कुठून येते ते शोधून काढायचं, यावरच माझं पोट चालतं. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला गंमत वाटते आहे... पण घडलं ते घडलं.

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराचं भंगार लिलावात निघालं, त्यात मी सुरुंग शोधायचं यंत्र घेतलं. लांब दांडा, खाली तबकडी, कानाला हेडफोन. जमिनीत धातू असला की गुणगुण सुरू होते. मेहरूणच्या वाटेवर एक सार्वजनिक बाग आहे. सुटीच्या सकाळी मी तिथे लोकांची पडलेली नाणी शोधत फिरायचो. ढब्बू पैसे, भोकाचे पैसे, नशीब असेल तर एखादी चवली. बायको म्हणायची, "बॅटरीचा खर्च तरी निघतो का?" नव्हता निघत. पण मजा यायची.

ही गोष्ट आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची. आण्यांच्या जागी नवे पैसे नुकतेच चालू झाले होते.

आमच्या शेजारच्या इंदूवहिनी दुसरेपणावर आलेल्या. पहिली बायको बाळंतपणात गेली, मागे मुलगी ठेवून — सिंधू. आमच्याकडची रीत अशी, की दुसरीनं पहिलीच्या नावाची चांदी गळ्यात घालायची आणि सणावाराला आधी तिला नैवेद्य दाखवायचा. बऱ्याच जणी हे भीतीपोटी करतात. इंदूवहिनी मायेनं करायच्या. काळ्या दोऱ्यात राणीछाप चांदीचा रुपया, त्याला तांब्याची कडी. त्या रुपयाला त्या 'बाई' म्हणत. पुरणपोळीचा पहिला घास बाईला, सिंधू पास झाली की पहिला पेढा बाईला!

आखाजीला बागेतल्या कडुनिंबांना झोके बांधले होते. गल्लीतल्या सगळ्या बायका गेल्या. जाताना वहिनींच्या गळ्यात रुपया होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. परत आल्या तेव्हा गळा रिकामा. आणि दुसऱ्या दिवशी सिंधूची हळद!

सिंधू कोपरा धरून बसली. "माय नही ते हळद नही," एवढंच म्हणत राहिली. तिला आईचा चेहरा आठवत नव्हता. आई म्हणजे तो रुपयाच. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली — सवत रुसली, आता हे लग्न काही धड होत नाही.

उजाडताच वहिनी आमच्या दारात उभ्या, यंत्र घेऊन चला म्हणत. "भाऊ, मनी बाई हरपनी. तुमनं यंत्र लई चला."

मी, माझी बायको आणि वहिनी बागेत गेलो. झोक्यांखालची जमीन मी कसून तपासली. भोकाचे पैसे निघाले, कुणाचं तरी जोडवं निघालं... रुपया नाही. शेवटी हेडफोन गळ्यात अडकवून परत निघालो, तर पार कुंपणाकडच्या एका कडुनिंबाखाली गळ्यातल्या हेडफोनमधूनच गुणगुण ऐकू यायला लागली. त्या झाडाला झोका नव्हता. वहिनी तिकडे फिरकल्याही नव्हत्या.

उन्हानं जमीन दगड झालेली. वरचं वाळकं गवत जसंच्या तसं, कुणी उकरल्याची खूण नाही. पहारीनं खणत गेलो. हात कोपरापर्यंत आत गेला तेव्हा चांदी दिसली. राणीछाप रुपया, तांब्याची कडी. दोरा नव्हता. आणि कडीतून, ती गच्च भरून, कडुनिंबाचं मूळ आरपार गेलेलं — पेन्सिलीएवढं जाड, ओलं, जिवंत!

काल गळ्यात असलेला रुपया... असं मूळ वाढायला वर्षं लागतात. काही सुचेना, म्हणून मूळ तोडायला पहार उचलली. वहिनींनी माझा हात धरला.

"नको, भाऊ. ती आठे बशेल शे. तिले उखडू नका. सिंधूले आन् हळदले आठेच लई या."

ती इथे बसली आहे, सिंधूला आणि हळद इथेच आणा — किती शांतपणे म्हणाल्या! मी पहार उगारलेली, आणि वहिनी पाहुणीसाठी पाट मांडावा तशी खड्ड्याभोवतीची माती हातानं सारखी करत होती.

माझी बायको धावत घरी गेली. थोड्याच वेळात सगळी गल्ली गाणी म्हणत बागेत आली. सिंधू गुडघ्यांवर बसली, खड्ड्यात हात घालून तिनं आधी रुपयाला हळद लावली आणि मग पोटभर रडली. डोळे पुसून वहिनींकडे तोंड केलं, आता तिची पाळी होती. "आते माले तू लाव."

रात्रभर धीरानं वागलेल्या वहिनी तेव्हा कुठे खाली बसल्या आणि तिच्या दोन्ही गालांना त्यांनी हळद लावली. अपशकुनाचा शब्द कुणी पुन्हा काढला नाही. लग्न छान झालं. खड्डा वहिनींनीच बुजवला.

मी बऱ्याच माहीतगारांना विचारलं. कुणी म्हणतं, तो दुसराच रुपया असेल. असेल बुवा. मग तांब्याची कडी? आणि वहिनींचा रुपया गेला कुठे? यंत्र मी दोनदा खोलून पाहिलं, त्यात काही बिघाड नाही. मात्र त्या सकाळी इंदूवहिनींचं जेवढं कौतुक वाटलं, तेवढं मला आजवर कुणाचं वाटलेलं नाही.

रीत मोडली म्हणून लोक अजून त्यांना टोकतात. परवा मीही विचारलं, "वहिनी, नवा रुपया का नाही घालत गळ्यात?"

त्या हसल्या. "ती तिना जागावर बसनी, भाऊ. आते मी मना जागावर."